पावसाळ्यातला डेसिकेटर

गोव्यात पाऊस एकदा स्थिरावला की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो पदार्थ वाळवायचा कसा हा नसतो. वाळवलेला पदार्थ तराजूपर्यंत कोरडा पोहोचवायचा कसा, हा असतो. ओव्हन बहुतेक सगळ्यांकडे असतो, तो १०५ अंशांवर लावायचा हेही सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यातून बाहेर काढलेला पदार्थ खरोखरच वाळलेला असतो. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याचे काय होते, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. आधी खनिजाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आणि नंतर विद्यार्थ्यांना शिकवताना मी जे पाहत आलो, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की आपल्या हवामानात चुकीचे निकाल ओव्हनमुळे कमी येतात आणि ओव्हननंतरच्या हाताळणीमुळे जास्त.

आधी हवेचा हिशेब मांडतो. अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानाची हवा पूर्ण संपृक्त असेल तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २७ ग्रॅम बाष्प असते. जुलैत आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असणे ही रोजची गोष्ट आहे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रत्येक लिटर हवेत अंदाजे २५ मिलिग्रॅम पाणी असते. ज्या तराजूवर आपण मिलिग्रॅमचा दहावा भाग वाचतो, त्या तराजूच्या शेजारची ही हवा आहे. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी राखणाऱ्या बंद काचेच्या भांड्यात, ‘निववा आणि तोला’ अशी एका ओळीची सूचना देणारी पाठ्यपुस्तके थंड आणि कोरड्या हवेच्या देशांत लिहिली गेली. तिथे ती ओळ पुरेशी असेल, आपल्याकडे तिच्यामागे पानभर तरी मजकूर हवा.

ओव्हनविषयी बोलताना गोव्यात लोहखनिजाला वगळता येत नाही. खाणीवरून बार्जमध्ये भरून मांडवी आणि जुवारी या नद्यांतून मुरगाव बंदरापर्यंत जाणाऱ्या खनिजाच्या व्यवहारात आर्द्रतेला दोन कारणांनी महत्त्व आहे. एक तर खनिजाचा भाव कोरड्या टनावर ठरतो, त्यामुळे पन्नास हजार टनांच्या मालात आर्द्रता आठ टक्के की नऊ टक्के, या एका टक्क्यात पाचशे टनांचा फरक पडतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बारीक भुकटीच्या स्वरूपातले ओले खनिज जहाजाच्या हिंदकळण्याने द्रवासारखे वाहू लागते, एका बाजूला सरकते आणि जहाज कलते. पावसाळ्याच्या मोसमात २००९ साली भारतातून लोहखनिजाची भुकटी घेऊन निघालेली ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोझ’ ही दोन जहाजे, पहिले मंगळूरजवळ आणि दुसरे पारादीपजवळ, बुडाली. घनरूप मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक झाली असून, तिच्यानुसार अशा मालाची आर्द्रता ठरावीक मर्यादेच्या आत असल्याचे दाखवल्याशिवाय जहाज भरता येत नाही; कंप सोसणाऱ्या तबकावर ठेवलेला नमुना ज्या आर्द्रतेला वाहू लागतो, तिच्या नव्वद टक्क्यांवर ही मर्यादा सामान्यतः धरली जाते. प्रयोगशाळेतला ओव्हन आणि ट्रे यांच्यावर किती जबाबदारी असते, हे यावरून ध्यानात यावे.

त्या कामात ट्रेमध्ये खनिज पसरण्याची एक शिस्त असते. ढीग करून ठेवलेले खनिज वरून तांबूस, कोरडे दिसते आणि आतून मात्र गडद, ओलेच राहते; म्हणून थर सारखा आणि पातळ हवा, ट्रे एकमेकांना चिकटून नकोत आणि ओव्हनच्या मागच्या भिंतीशी पंख्याची हवा फिरायला वाट हवी. वाळत आलेल्या नमुन्यांच्या शेजारी नवे ओले नमुने सरकवले, तर आतली सगळी हवा पुन्हा दमट होते आणि आधीच्या ट्रेचे वजन उतरायचे थांबते. कधी कधी ते थोडे वाढतेही. मोठे ट्रे निवण्याची वाट न पाहता गरम असतानाच, तराजूवर उष्णता अडवणारी पाटी ठेवून, तोलण्याची पद्धत आहे, कारण निवताना खनिज हवेतले पाणी परत घेऊ लागते. काही किलो वजनाच्या नमुन्यात एखाद्या ग्रॅमच्या अचूकतेने भागते, त्यामुळे तिथे हे चालते. एका ग्रॅमच्या नमुन्याला तीच पद्धत लावता येत नाही, आणि डेसिकेटरची खरी गरज तिथून सुरू होते.

ओव्हनने काय जाते आणि काय जात नाही, हेही गोव्याच्या खनिजात उत्तम दिसते. १०५ अंशांवर कणांच्या पृष्ठभागावरचे आणि सूक्ष्म छिद्रांतले पाणी जाते. पण आपल्या खनिजात गोएथाइट हे स्फटिकात पाणी बांधून ठेवणारे लोहाचे खनिज असते, आणि त्याच्या स्फटिकात बांधलेले, वजनाच्या सुमारे दहा टक्के भरणारे पाणी अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सुटत नाही. ते मफल भट्टीत (खूप उच्च तापमानाच्या बंद विद्युत भट्टीत) तापवून वेगळे मोजावे लागते आणि अहवालातही वेगळ्या रकान्यात जाते. ‘पूर्ण कोरडे’ असे काही निरपेक्षपणे नसते. कोणत्या तापमानाला, किती वेळ आणि कोणते पाणी काढले, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ येत नाही.

आता डेसिकेटर. जाड काचेचे भांडे, मध्ये चिनी मातीची छिद्रांची चकती, चकतीखाली आर्द्रता शोषणारा पदार्थ (बहुधा सिलिका जेलचे मणी) आणि घासून सपाट केलेल्या कडेवर ग्रीस लावून बसवलेले जड झाकण, एवढेच हे साधन आहे. ते पदार्थ वाळवत नाही, वाळलेला पदार्थ कोरडा राखते. ओला गाळणकागद आत ठेवून दुसऱ्या दिवशी तो वाळलेला सापडेल अशी अपेक्षा करणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो, आणि कागद थोडाफार वाळतोही, पण त्याचे सगळे पाणी खालच्या जेलमध्ये जाते आणि त्याच डेसिकेटरमध्ये ठेवलेल्या इतरांच्या क्रूसिबलना (पदार्थ तापवण्याच्या लहान वाट्यांना) त्याची किंमत मोजावी लागते.

झाकण उघडण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. झाकण वर उचलायचे नसते. एक हात भांड्याला कवेत घेतो, दुसरा झाकणाची मूठ धरून आडवे सरकवतो आणि ग्रीसचा थर ताणला जाऊन हळूहळू जागा देतो. ग्रीस योग्य लावलेले असेल तर कडेचा पट्टा सलग, पारदर्शक दिसतो. त्यात पांढुरक्या रेषा किंवा बुडबुडे दिसले तर तिथून हवा आत जात आहे असे समजावे. काढलेले झाकण टेबलावर नेहमी उताणे ठेवावे, म्हणजे कडेला धूळ लागत नाही. आणि क्रूसिबल आत ठेवण्यापुरतेच ते उघडावे, कारण आठ लिटर हवा मावणाऱ्या डेसिकेटरमधली हवा पूर्ण बदलली तर वर मांडलेल्या हिशेबाने दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास पाणी एका फटक्यात आत येते. ते सगळे जेलने ओढून घ्यायला बराच वेळ लागतो, कारण आत हवा ढवळणारे काही नसते; बाष्पाला आपल्या गतीने खाली झिरपावे लागते. त्या मधल्या काळात आपला नमुनाही त्या पाण्याचा वाटेकरी होतो. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला एकच डेसिकेटर दिला, तर तासाभरात तो इतक्या वेळा उघडतो की आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा फारशी वेगळी राहत नाही. म्हणून मोठा एक घेण्याऐवजी लहान चार घ्यावेत, असे मी खरेदीच्या प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे.

गरम क्रूसिबलचीही एक अडचण असते. भट्टीतून काढलेले लालभडक क्रूसिबल थेट आत ठेवून झाकण लावले तर आतली हवा फुगते आणि झाकण सरकून पडू शकते. ते टिकलेच, तर निवताना आत कमी दाब तयार होतो आणि झाकण उघडताच आत घुसणारी हवा हलकी भुकटी उडवते. लाली जाईपर्यंत क्रूसिबल बाहेर ठेवावे, मग आत ठेवून झाकण क्षणभर किंचित उघडे राखावे आणि नंतर पूर्ण बंद करावे. निवायला चिनी मातीच्या क्रूसिबलला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. कोमट क्रूसिबल तराजूवर ठेवले तर त्याच्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. उलट, निवल्यावर ते बाहेर ताटकळत ठेवले तर ओल धरून वजन वाढते. बेरियम क्लोराइडमधले स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेले पाणी, मोजण्याचा प्रयोग करताना हे दोन्ही दोष एकाच वहीत आढळतात. उत्तर १४.७५ टक्के यायला हवे असते, आणि कोणाचे तेराच्या घरात येते तर कोणाचे पंधराच्या पुढे. लागोपाठच्या दोन वजनांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा, ही स्थिर वजनाची कसोटी औषधकोशात दिलेली आहे. ती पाळायची तर तापवणे, निववणे आणि तोलणे यांतला वेळ दर फेरीला सारखाच असला पाहिजे.

शोषकांमध्ये आपल्याकडे सर्वाधिक चालते ते सिलिका जेल. त्याच्या एका ग्रॅमच्या अंतर्गत छिद्रांचे क्षेत्रफळ कित्येक शे चौरस मीटर भरते आणि खूप दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी धरू शकते. पण ही मोठी क्षमता दमट हवेतली आहे. डेसिकेटरमधली हवा खरोखर कोरडी ठेवायची असेल, तर जेलचे त्याच्या वजनाच्या काही टक्क्यांपर्यंतच भरणे परवडते. निळ्या जेलमधले, रंगाने ओल दाखवणारे कोबाल्ट क्लोराइड गुलाबी दिसू लागले म्हणजे जेल अजून पाणी शोषत असते, पण आतली हवा कोरडी राहिलेली नसते. गुलाबी जेलवर ‘अजून चालेल’ म्हणून दिवस काढले जातात, त्याला माझी हरकत आहे. आमचे प्रयोगशाळा सहायक मला नेहमी म्हणतात, ‘‘सर, पावसात जेल दर सोमवारी भाजायलाच लागते,’’ आणि त्यांचे हे वेळापत्रक कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी ठरले आहे.

भाजण्याची पद्धतही नीट हवी. ट्रेमध्ये एक-दोन मण्यांच्या जाडीचा थर, ११० ते १२० अंश तापमान आणि रंग पूर्ण निळा होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन तास. त्याहून फार जास्त तापवले तर रंगद्रव्य बिघडते आणि मणी काळपट पडतात. जेल ओव्हनमधून काढून टेबलावर निववत ठेवणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे होय. ते गरम असतानाच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावे आणि बरणीतच निवू द्यावे. कोबाल्ट क्लोराइड कर्करोगकारक मानले जाते आणि युरोपीय संघाने २००८ साली ते अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले, म्हणून नवीन खरेदी करताना कोबाल्टविरहित नारिंगी जेल घ्यावे. निळे जेल वापरात असेलच तर त्याची भुकटी झटकू नये आणि हातमोजे घालावेत.

वितळवून घट्ट केलेले निर्जल कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आहे आणि पाणीही भरपूर घेते, परंतु त्याच्यावरच्या हवेत दर लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतके बाष्प उरतेच. शिवाय अमोनिया, अमाइन आणि अल्कोहोल यांच्याशी ते संयुगे बनवते. फॉस्फरस पेंटॉक्साइड या सर्वांत कडक आहे. त्याच्यामुळे उरणारे बाष्प लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहा-हजाराव्या भागाहूनही कमी असते. पण त्याच्या पृष्ठभागावर लवकरच चिकट आम्लाची साय धरते आणि खालचा पांढरा, कोरडा भाग निरुपयोगी पडून राहतो. पावसाळ्यात बाटली उघडून चमचाभर काढेपर्यंतच ही साय धरू लागते. संहत सल्फ्युरिक आम्ल डेसिकेटरच्या तळाशी ओतून ठेवण्याची जुनी चाल अजून कुठे कुठे आढळते. विद्यार्थी वावरतात त्या खोलीत ती मुळीच असू नये. भांडे उचलून नेताना आम्ल हिंदकळून वर चकतीपर्यंत येते.

मॉलिक्युलर सीव्हबद्दल (रेणूंच्या मापाची छिद्रे असलेल्या शोषक मण्यांबद्दल) मला विशेष आस्था आहे, कारण त्यात निवड छिद्राच्या मापावर होते. तीन अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) छिद्राच्या जातीत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. इथेनॉल कितीही वेळा ऊर्ध्वपातित केले तरी नेहमीच्या दाबाला ते वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उरलेले पाणी काढायला ही जात उपयोगी पडते. मात्र हे मणी पाणी इतके घट्ट धरतात की जेलच्या ओव्हनमध्ये ते परत कोरडे होत नाहीत. त्यांना दोनशे ते तीनशे अंश लागतात. जेलच्याच ट्रेवर त्यांना १२० अंशांत ‘भाजून’ पुन्हा बरणीत भरणारी प्रयोगशाळा प्रत्यक्षात भरलेलेच मणी वापरत असते, आणि त्यांना रंग नसल्यामुळे ते कळतही नाही.

उष्णतेने बिघडणाऱ्या पदार्थांसाठी निर्वात ओव्हन. पाणी ५० अंशांना ९२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली उकळते, म्हणून साध्या पंपानेही बरेच साधते. पंपाच्या आधी बाष्प अडवणारा थंड सापळा बसवावा, नाहीतर पाणी पंपाच्या तेलात उतरते. निर्वात डेसिकेटरला जाळी किंवा चिकटपट्टी गुंडाळणे आणि हवा आत सोडताना तोटी हळू फिरवणे, या दोन गोष्टी सुरक्षिततेच्या म्हणून सक्तीच्या असाव्यात. गोठवून वाळवण्याच्या यंत्रात पाणी त्रिक बिंदूच्या (बर्फ, पाणी आणि बाष्प एकत्र राहू शकतात त्या स्थितीच्या) खाली, म्हणजे ६११ पास्कलहून कमी दाबावर, बर्फातून थेट बाष्प होते. समुद्रतळाच्या गाळासाठी ही पद्धत पसंत केली जाते, कारण ओव्हनमध्ये चिकणमातीचे दगडासारखे डिखळे होतात आणि पाऱ्यासारखे बाष्पशील घटक उडून जाण्याचा धोका असतो. अशा गाळात समुद्राचे मीठ उरते आणि ते ओल खेचत राहते, त्यामुळे वाळवलेला नमुना बाटलीत बंद करण्यात दिरंगाई चालत नाही.

ही मिठाची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातही घडते. शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते, पण मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागते. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा ते मीठ हाताला ओलसर लागते. प्रयोगशाळेतल्या रसायनांनाही हेच लागू पडते: अल्पशी अशुद्धी संपूर्ण बाटलीचे वागणे बदलते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तर वॉच ग्लासवर (काचेच्या उथळ बशीवर) पाहता पाहता चकाकू लागतात, एकमेकींना चिकटतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतात. त्यांचे वजन कितीही काळजीने केले तरी त्यावर विसंबता येत नाही. द्रावण करून ते वाळवलेल्या पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटविरुद्ध प्रमाणित करावे लागते.

वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांत पाणी मोजण्याच्या ज्या पद्धतीवर भर असतो, ती कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध केली. आयोडीन, सल्फर डायऑक्साइड आणि अल्कली यांच्या मेथॅनॉलमधल्या द्रावणात पाण्याच्या एका रेणूमागे आयोडीनचा एक रेणू खर्ची पडतो, म्हणून इथे वजनातली घट मोजली जात नाही, खुद्द पाणीच मोजले जाते. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर उडणारा विद्रावकही घटीत धरला जातो. इथे तो घोटाळा होत नाही. अर्थात या यंत्रालाही आपली हवा सोसावी लागते. भांड्याच्या आणि बाटल्यांच्या वाटांवर बसवलेल्या वाळवणाऱ्या नळ्यांतले सीव्ह पावसाळ्यात लवकर भरते आणि काहीच न घालता यंत्र पाणी दाखवत राहते. नळ्या वेळेवर बदलणे आणि १५.६६ टक्के पाणी असलेल्या सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटने रोज पडताळणी करणे, हे दोन उपाय त्यावर पुरेसे आहेत.

माझी एक सूचना आहे आणि तिला खर्च फार नाही. प्रत्येक डेसिकेटरच्या चकतीवर एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. तो विश्वासार्ह आहे की नाही, हे आधी बंद डब्यात मिठाच्या ओलसर लगद्याशेजारी रात्रभर ठेवून पाहावे. २५ अंशांना त्याने ७५ च्या आसपास आकडा दाखवायला हवा. मॅग्नेशियम क्लोराइडच्या लगद्यावर ३३ दाखवला, तर खालच्या टोकालाही तो ठीक आहे. मग डेसिकेटर उघडून बंद केल्यावर आकडा २० च्या खाली यायला किती मिनिटे लागतात, ते दर आठवड्याला शेजारच्या वहीत लिहावे. हा वेळ वाढू लागला की जेलचा रंग बदलण्याची वाट न पाहता ते भाजावे. भाजूनही वेळ कमी होत नसेल, तर दोष जेलचा नसून झाकणाच्या कडेचा आहे; जुने ग्रीस एसिटोनने पूर्ण पुसून काढावे, कडेला टवका उडाला आहे का ते बोट फिरवून नव्हे, उजेडात धरून पाहावे आणि ग्रीसचा नवा पातळ थर देऊन झाकण दोन-तीनदा फिरवून बसवावे.